पायरीची प्रतिष्ठा आणि उताराचा न्याय

एखाद्या ग्रंथाची समीक्षा करताना ग्रंथकाराने कोणता वाचक मनात धरून लेखन केले, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. ऐतिहासिक उद्याने, समाधिस्थाने, किल्ल्यांची प्रांगणे यांच्याविषयी लिहिताना मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शैली कोणती, काळ कोणता, दगड कोठून आणला, याची चर्चा होते. परंतु ही रचना कोणत्या देहाला उद्देशून केलेली आहे, याची होत नाही. वस्तुतः उद्यान हीही एक रचनाच आहे. तिला आरंभ असतो, क्रम असतो, विसावे असतात आणि शेवटी एक दृश्य असते. हा क्रम ज्याला चालून जाता येतो त्याच्यापाशी उद्यान बोलते. ज्याला ते जमत नाही त्याच्यापुढे ते मुके राहते.

ऐतिहासिक उद्यानांच्या जतनासाठी तज्ज्ञांनी १९८१ साली फ्लॉरेन्स येथे एक सनद तयार केली. तिच्यात उद्यानाला ‘सजीव स्मारक’ मानले आहे, आणि ते यथार्थ आहे. झाडे वाढतात, मरतात, पुन्हा लावावी लागतात. त्याच सनदेत, ऐतिहासिक उद्यान हे पाहण्यासाठी आणि त्यातून फिरण्यासाठी असते, असेही गृहीत धरलेले आहे. पाहणे आणि फिरणे! म्हणजे डोळे आणि पाय ही दोन साधने प्रत्येकापाशी आहेत, असे मानूनच शास्त्राचा आरंभ झाला. सनद लिहिणारांच्या मनात कोणाला वगळण्याचा हेतू असेल, असे मला मुळीच वाटत नाही. पण वगळण्यासाठी हेतूची आवश्यकता असतेच कोठे? विस्मरण पुरेसे असते.

या विस्मरणाची परीक्षा घेण्यासाठी २००१ सालचा जानेवारी महिना मला फार उपयुक्त वाटतो. त्या एका महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. एक दिल्लीत, दुसरी वॉशिंग्टनमध्ये. दोन्ही ऐतिहासिक स्थळांशी आणि चाकांच्या खुर्चीशी संबंधित होत्या.

विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग त्या महिन्यात हिंदुस्थानात आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरविलेल्या परिषदेस ते उपस्थित राहिले आणि नंतर दिल्लीस गेले. त्यांचे सर्व शरीर पंगू झालेले. फिरणे केवळ यांत्रिक खुर्चीतून. दिल्लीची प्राचीन स्थाने पाहण्याची त्यांची इच्छा होती. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे, स्वतः चाकांच्या खुर्चीतून वावरणारे जावेद अबिदी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा जंतरमंतर, कुतुबमिनार यांसारख्या ठिकाणी तात्पुरते लाकडी रॅम्प घालण्यात आले. जे आजवर अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते फळ्यांनी आणि खिळ्यांनी काही दिवसांत साधले.

या घटनेकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्या फळ्यांनी कोणत्याही प्राचीन दगडाला धक्का लागला नाही. तेव्हा ‘वास्तूचे पावित्र्य’ हा जो आक्षेप वर्षानुवर्षे पुढे केला जात होता तो त्या आठवड्यात निकालात निघाला. आणि तरीही ते रॅम्प तात्पुरतेच होते. ते एका पाहुण्यासाठी होते. पाहुणा जगप्रसिद्ध होता म्हणून मार्ग झाला. त्याच दिल्लीत राहणारा, त्याच देशाचा नागरिक असलेला, तशाच खुर्चीत बसलेला एखादा शाळामास्तर किंवा विद्यार्थी दारात उभा राहिला असता, तर त्याच्यासाठी सुताराला कोणी बोलावले असते? आतिथ्य आणि हक्क यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारा प्रसंग मला आठवत नाही. आतिथ्य यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्काला पाहुण्याची कीर्ती विचारावी लागत नाही.

आता वॉशिंग्टनकडे वळू. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे स्मारक म्हणून तेथे सुमारे साडेसात एकरांचे एक उद्यान आहे. लॉरेन्स हॅल्प्रिन या उद्यानरचनाकाराने ते योजिले आणि २ मे १९९७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले. म्हणून उद्यानात छप्पर नसलेली चार दालने आहेत. तांबूस ग्रॅनाइटच्या भिंती, त्यांवर कोरलेली वचने आणि दालनागणिक बदलत जाणारे पाणी असा हा क्रम आहे. येथे चढून जावयाचे जोते नाही, शिखर नाही. सपाट वाटेने दालनामागून दालन ओलांडीत जावयाचे आणि काळ अनुभवावयाचा. चाकांच्या खुर्चीतून येणाराला वेगळ्या दाराने, मागच्या बाजूने जावे लागत नाही. सर्वांची जी वाट तीच त्याची वाट. रचना म्हणून मी या उद्यानाला फार वरचे स्थान देतो, ते याच कारणासाठी.

परंतु याच उद्यानात एक विलक्षण विसंगती होती. रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आजाराने गाठले आणि त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. स्वयंपाकघरातील साध्या खुर्चीला चाके लावून त्यांनी आपली खुर्ची करवून घेतली होती. देशाच्या इतिहासातील अत्यंत बिकट वर्षे या मनुष्याने अशा स्थितीत निभावली. पण हयातीत ही खुर्ची लोकांच्या दृष्टीआड ठेवण्याची दक्षता घेतली गेली. स्मारकातही तेच घडले. नील एस्टर्न या शिल्पकाराने घडविलेला मोठा पुतळा बसलेला आहे. अंगावर विशाल झगा आहे, जवळ आवडते कुत्रे आहे आणि खुर्ची झग्याखाली झाकलेली आहे. मागून निरखून पाहिले तर लहानशी चाके दिसतात, एवढेच. म्हणजे अपंगांसाठी वाट मोकळी केलेल्या उद्यानात नायकाचे अपंगत्व मात्र पडद्याआड राहिले.

अपंगांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविला. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन ऑन डिसॅबिलिटी’ या संस्थेने सुमारे साडेसोळा लाख डॉलर जमविले आणि जानेवारी २००१ मध्ये उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी रॉबर्ट ग्रॅहॅम यांनी घडविलेला दुसरा पुतळा उभा राहिला. त्यात रूझवेल्ट आपल्या त्या साध्या खुर्चीत, उघडपणे बसलेले आहेत. प्रेक्षकाच्या फार वर नाहीत, जमिनीवरच आहेत. चाकांच्या खुर्चीतून आलेले मूल त्यांच्या समोर, बरोबरीच्या उंचीवर थांबू शकते.

कोणी म्हणेल, रूझवेल्ट यांना स्वतःलाच आपले दुखणे झाकावेसे वाटत होते. मग त्यांच्या इच्छेविरुद्ध ते दाखविणे कितपत योग्य? हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण चरित्रनायकाची लज्जा त्याच्या काळाने त्याच्यावर लादलेली असते, आणि ती पुढच्या पिढ्यांनी जपलीच पाहिजे असे नाही. स्मारक हे नायकाची इच्छा पुरविण्यासाठी नसते. त्याच्याविषयीचे सत्य पुढे नेण्यासाठी असते. या कसोटीवर दुसरा पुतळा पहिल्याहून कलेच्या दृष्टीनेही सरस ठरतो, कारण तो झग्याचा आधार घेत नाही.

तथापि हे उद्यान निर्दोष आहे असे नव्हे. त्यातील एका शिल्पपटावर ब्रेल लिपीतील ठिपके आहेत. कल्पना उदात्त, पण ते ठिपके इतके मोठे केले की वाचणाऱ्याच्या बोटाखाली ते मावत नाहीत, आणि काही तर हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर आहेत. ब्रेल ही अक्षरे आहेत, नक्षी नव्हे, याचा रचनाकाराला विसर पडला. ज्यांना दिसते त्यांना ती भिंत पाहून ‘अंधांचा किती विचार केला आहे!’ असे वाटावे आणि अंधाला तिच्यावरचे काहीच वाचता येऊ नये, हा प्रकार सहानुभूतीच्या प्रदर्शनाचा नमुना म्हणून लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे कार्यालयांच्या दारांशी असे अनेक रॅम्प दिसतात. चढ एवढा उभा असतो की दुसऱ्याने ढकलल्यावाचून खुर्ची वर जात नाही. पण अहवालात ‘रॅम्पची सोय केली’ अशी नोंद असते.

येथे थोडे गणित सांगणे अवश्य आहे. खुर्ची स्वतःच्या हाताने चढवता यावी, यासाठी चढाचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. एक मीटर उंचीच्या जोत्याला बारा मीटर. सात मीटरच्या जोत्याला ८४ मीटर, आणि मध्ये विसाव्याच्या जागा वेगळ्या. यावरून दोन गोष्टी दिसतात. तीन-चार पायऱ्या ओलांडता न येणे ही दुर्लभ साधनांची अडचण नव्हे, ती अनास्था आहे. आणि उलटपक्षी, प्रत्येक बुरूज आणि प्रत्येक शिखर सर्वांना गाठता येईल असे म्हणणे ही फसवणूक आहे.

दिल्लीचा हुमायूनचा मकबरा या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण होय. कालव्यांनी आणि वाटांनी विभागलेली चौभागी बाग आणि मध्यावर उंच जोत्यावर उभी असलेली समाधी, अशी त्याची रचना आहे. १९९७ ते २००३ या काळात आगाखान ट्रस्टच्या साहाय्याने त्या बागेचा जीर्णोद्धार झाला आणि पाणी पुन्हा खेळू लागले. बाग सपाटीवर आहे. पण तिच्या चौकोनांची संगती जोत्यावरून पाहिली असता ध्यानात येते. जो जोते चढू शकत नाही त्याला हिरवळ दिसते, पाणी दिसते, परंतु रचनेचा अर्थ दिसत नाही. तो एखादे दृश्य गमावतो असे नव्हे. काव्यातील अन्वयच गमावतो. अशा ठिकाणी प्राचीन जोते फोडा, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण बागेची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती खाली ठेवता येते. तीवरून अंधालाही चौभागी रचना उमगते. वाटेवर खडी न पसरता घट्ट भूमी करता येते, कारण खडीत चाक रुतते आणि कुबडी घसरते. ठराविक अंतरावर बाके ठेवता येतात. आणि कोठवर जाता येईल, कोठून पुढे जाता येणार नाही, हे प्रवेशद्वाराशी प्रामाणिकपणे लिहून ठेवता येते. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त असून सर्वांत दुर्मीळ आहे.

जतन आणि प्रवेश यांत खरा संघर्ष उद्भवतो तेव्हा काय होते, हे अथेन्सच्या अक्रोपोलिसवर दिसले. २००४ च्या पॅरालिंपिक क्रीडासामन्यांच्या निमित्ताने तेथे खुर्चीसाठी लिफ्ट बसविली. २०२० साली नवी लिफ्ट आली आणि टेकडीवर काँक्रीटच्या रुंद वाटा घालण्यात आल्या. त्या वाटांवर पुराणवस्तुज्ञांपैकी अनेकांनी कठोर टीका केली. या वादात मी कोणाच्याही बाजूने डोळे मिटून उभा राहणार नाही. अपंगांची सोय हे नाव घेऊन गर्दीचा ओघ वाढविण्यासाठी काँक्रीट ओतले जात असेल, तर तेही तपासले पाहिजे. स्मारकांच्या जतनासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे झालेल्या सनदेत नवी भर मूळ कामाहून ओळखता यावी, हा दंडक आहे. त्याला जोडून, ती भर मूळ वास्तूस इजा न होता काढून घेता यावी, असेही आजचे जाणकार सांगतात. या दोन्ही कसोट्यांना दिल्लीच्या त्या लाकडी फळ्या पुरेपूर उतरल्या होत्या. दुर्दैव एवढेच की त्यांचा काढून घेता येण्याचा गुण तेवढा वापरला गेला.

आता कायद्याविषयी, कारण माझा व्यवसाय तो आहे. प्राचीन स्मारकांसंबंधीचा जो कायदा १९५८ साली झाला, त्याच्या अठराव्या कलमात, नियमांच्या अधीन राहून, संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा हक्क जनतेला आहे असे स्पष्ट म्हटले आहे. हे कलम फारसे कोणी उद्धृत करीत नाही. त्यात ‘जनता’ असा शब्द आहे. ‘चालू शकणारी जनता’ असा नाही. म्हणजे अपंगाचा हक्क नव्याने जन्मला असे मानण्याचे कारण नाही. तो १९५८ पासून होताच, वाट तेवढी नव्हती.

पुढे १९९५ साली अपंगांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. पूर्वी अपंगत्वाचे सात प्रकार मान्य होते, ते आता एकवीस झाले. सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ हा शब्दही रूढ झाला. शब्द गोड आहे, पण शब्दाने पायरी बुटकी होत नाही. या कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तीत सरकारी आणि खासगी दोन्ही इमारती येतात. आणि ज्या कामांसाठी लोक तेथे जातात त्यांत सांस्कृतिक, करमणुकीच्या आणि धार्मिक कामांचाही उल्लेख आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे पंचेचाळिसावे कलम सांगते. मुदत वाढवून देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. ती पाच वर्षे २०२२ मध्ये उलटली.

नियमांतच एक मेख होती. कायदा म्हणतो ‘केले पाहिजे’, आणि पंधराव्या नियमाने ज्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखविले त्या म्हणतात ‘करावे, जमल्यास’. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर १५ डिसेंबर २०१७ रोजी विस्तृत आदेश झाले होते. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक किमान मानके तीन महिन्यांत आखण्यास सरकारला फर्माविले. या निकालात केलेला एक भेद समीक्षकानेही शिकण्याजोगा आहे. विशिष्ट व्यक्ती दारात आल्यावर तिच्यापुरती केलेली तजवीज वेगळी, आणि कोणी येण्यापूर्वीच सर्वांसाठी करून ठेवलेली सुगमता वेगळी. पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही. दिल्लीतील फळ्या ही पहिली. वॉशिंग्टनमधील सपाट वाट ही दुसरी.

व्याख्येतील ‘धार्मिक’ या शब्दाकडे मी या पत्राच्या वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. आपली देवालये ही आपली सर्वांत जुनी आणि सर्वांत अधिक वापरात असलेली ऐतिहासिक प्रांगणे आहेत. तळी, दीपस्तंभ, अग्रशाळा, सभामंडप असा त्यांचाही एक क्रम आहे, आणि तोही पायऱ्यांनी बांधलेला आहे. यावर उत्तर ठरलेले असते: पायरी ही परंपरा आहे, ती चढण्यातच भक्ती आहे, ज्याला चढवत नाही त्याने कळसाचे दर्शन घ्यावे.

कळसदर्शनाचा मी अनादर करीत नाही. पण ते भक्ताने आपण होऊन पत्करलेले समाधान आहे. महाजनांनी किंवा समितीने दुसऱ्यास नेमून द्यावयाची जागा नव्हे. पायरीच्या प्रतिष्ठेविषयी बोलायचे तर पंढरपूरच्या नामदेव पायरीहून थोर पायरी कोणती? आत जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तेथे स्थान मागितले, असे परंपरा सांगते. त्या पायरीचा अर्थ स्वतः लहान होणे हा आहे, दुसऱ्याला अडविणे हा नव्हे.

आणि गोमंतकीयांनी तरी दगडाच्या अपरिवर्तनीयतेचा दाखला देऊ नये. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. आपल्या पूर्वजांनी त्या संकटात मूळ भिंती, मूळ तळे, मूळ पायऱ्या मागे ठेवल्या आणि देव घेऊन नदी ओलांडली. देवाचे देवपण मूळ चिऱ्यांवर अवलंबून नाही, हा निर्णय त्यांनी चारशे वर्षांपूर्वी दिला. ज्या समाजाने देवासाठी सबंध देऊळ हलविले, त्याने भक्तासाठी पायरीशेजारी एक उतार बांधला तर परंपरेस कोणता बाध येतो? मंगेशीस दर सोमवारी पालखी निघते, देव गर्भगृह सोडून प्रांगणात येतो. जो आत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत बाहेर येणे ही रीत आपल्याला परकी नाही.

चढणीच्या क्षेत्रांतही ही दृष्टी हळूहळू येत आहे. पावागडावर १९८६ पासून रोपवे आहे. सप्तशृंगीच्या गडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली आहे. त्यांचा लाभ वृद्धांना होतो, गरोदर स्त्रियांना होतो, लेकुरवाळ्यांना होतो. वार्धक्य येईल तेव्हा आपण बहुतेक सर्वच या पंक्तीला बसणार आहोत. तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न आहे, असे म्हणण्यात दूरदृष्टी नाही.

कोणत्याही ऐतिहासिक स्थळाचे मूल्यमापन करताना यापुढे तीन प्रश्न विचारले जावेत, असे मला वाटते. सर्वांना एकाच वाटेने, एकाच क्रमाने जाता येते काय? जेथे ते खरोखरच शक्य नाही, तेथे अर्थ पोहोचविण्याचे दुसरे साधन ठेवले आहे काय? आणि जी सोय केली ती वापरणाऱ्याच्या हाताने, बोटाने, चाकाने पारखून घेतली आहे काय? बडोद्याच्या सयाजीबागेपासून, जी १८७९ साली लोकांसाठी वसविली गेली, तांबडी सुर्ल्याच्या महादेवापर्यंत आपल्या परिसरातील प्रत्येक स्थानाला हे प्रश्न लागू आहेत. अहवालातील नोंद हे त्यांचे उत्तर नव्हे. येत्या जत्रेपूर्वी आपल्या देवस्थानच्या समितीने एखाद्या खुर्चीत बसणाऱ्या आणि एखाद्या अंध ग्रामस्थाला बरोबर घेऊन महाद्वारापासून सभामंडपापर्यंत एकदा फेरी मारावी, अडेल तेथे खूण करावी, आणि सुतार-गवंड्याला बोलावण्याचा खर्च त्याच बैठकीत मंजूर करावा. न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहून केलेल्या कामाला कायद्याचे पालन म्हणतात. त्यापूर्वी केलेल्या कामाला धर्म म्हणता येईल.